इंजिनला पायडल शिकवताना

आधी मी सरळ मागच्या चाकालाच जुंपलं होतं इंजिन.
सपाटीवर पळालं, पोळ्याला सुटलेल्या गोऱ्ह्यासारखं,
कुत्रे मागं, पोट्टे मागं,
आणि धानोलीच्या चढावर, दुसऱ्या वळणाच्या बाभळीपाशी
दोनदा खोकलून गप्प.

याच बाभळीपाशी आमच्या गावचा प्रत्येक माणूस
सायकलवरून उतरत आला आहे.
हँडल टेकवून टेकवून तिची साल
एका बाजूनं गुळगुळीत झाली आहे.

"त्याले दम नाही," मी म्हणालो.
"दम हाय. गिअर नाही," हमीदभाई लेथवाले म्हणाले,
गालात खर्रा, डोळे कॅलिपरवर.
"तू सोता चढावर कोणता गिअर टाकतं?"
"मागची सर्वात मोठी चकती."
"मंग? तुह्या पायाले एक कायदा अन् इंजिनले दुसरा?
जिथून तुहा पाय जोर लावते,
तिथूनच लावू दे त्याले."

सायकल समृद्धीच्या कामावर आलेल्या साहेबानं
जाताना सोडून दिलेली, मागे सात चकत्या.
इंजिन तण कापायच्या मशीनचं, पातं मोडलेलं.
हिशोब भाचीनं केला, त्रिवेणीनं, आठवीतल्या:
इंजिनचे मिनिटाला सात हजार फेरे, पायाचे सत्तर.
"शंभर पट, मामाजी," ती म्हणाली, वहीतून मान न काढता,
"एवढी काऊन घाई हाय बिचाऱ्याले?"

पंचवीस पट घाई जिरली
हिंगणघाटच्या जिनिंगमधून आणलेल्या गिअरबॉक्सात.
उरलेली चार पट मधल्या दांडीवर,
अकरा दात चव्वेचाळीस दातांना ओढत.

पहिल्या दिवशी फ्रीव्हील विसरलो.
इंजिन सुरू होताच पायडल आपोआप फिरू लागले,
जसा माझ्याआधीच कोणी सीटवर बसलेला
आणि त्याची बस सुटत होती.
नडगीवर चार खुणा.
आई हळद लावता लावता म्हणे,
"मालकाले लाथा मारणारी सायकल
पहिल्यांदाच पायली बाप्पा."

मग दोन फ्रीव्हील, एक इंजिनचं, एक पायांचं.
इंजिन ओढतं तेव्हा पाय स्वस्थ.
पाय ओढतात तेव्हा इंजिन स्वस्थ.
मागे जाणारी साखळी एकच,
आणि दोघांना एकमेकांची खबर नाही.

एक गोष्ट मात्र इंजिनला नाही, मनगटाला शिकवावी लागली:
गिअर बदलताना रेस सोडायची.
समोर चढ दिसला की मूठ पिळतेच,
नेमकं तेव्हाच, अर्धा श्वास, सोडायची.
हे कळेपर्यंत तीन चेन तुटल्या.

फाल्गुनात, पळस पेटलेला असताना, पुन्हा गेलो चढावर.
सोडली. टाकला. धरली.
साखळी एकेक पायरी चढली मोठ्या चकतीवर,
इंजिनचा आवाज रडका होता तो बोलका झाला.
एवढा हळू, की पुनाजी मडावी
शेळ्या घेऊन माझ्या बाजूनं चालत होते.
"बंद पडली काय रे?"
"नाही काका, चढून राह्यली."
"असं." थोडं चालून, "मले वाटलं तू सोबत देऊन राह्यला."
मग करडाचा भाव, त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन,
आणि बोलता बोलता बाभूळ मागं पडली.
मी वळून पाहिलंच नाही. एका शेळीनं पाहिलं.

माथ्यावर इंजिन बंद केलं.
पलीकडच्या उतारावर फक्त फ्रीव्हीलची किरकिर,
भर दुपारी रातकिडा सोबत आणल्यासारखी.

खाली पोचल्यावर कळलं, माउंटिंगचा एक नट नाही.
तेव्हा सायकल तिथंच लावली मोहाला टेकवून
आणि पायी चढलो परत,
मान खाली, काठानं काठानं,
थेट दुसऱ्या वळणापर्यंत.
आठ नंबरचा नट,
बाभळीच्या बुडाशी पडलेला, अजून कोमट.