साडेतीन बोटांची मूठ

चिंतामण गावित आला तेव्हा मी हंड्याच्या बुडाला ठोके देत होतो.
भांडी बाजारात ठोके थांबले की शेजारी विचारतात, काय झालं,
म्हणून थांबलो नाही.
त्यानं खताच्या गोणीतून आधी एक खोड काढलं,
वाकडं, साल सुटलेलं, म्हाताऱ्याच्या नडगीसारखं,
मग बंडीच्या आतल्या खिशातून चाकू.

मिटायचा चाकू. कलमाचा.
पातं धार लावून लावून निम्मं उरलेलं,
एका अंगाला शिंगाची पट्टी,
दुसऱ्या अंगाला सायकलची ट्यूब, सुतळीनं आवळलेली.
म्हणाला, मूठ बसवा, भाऊ. ह्याच लाकडाची.

मी म्हटलं, हे लाकूड नाही, ही वेल आहे.
शिसम देतो, बाभळीचा गाभा देतो,
सागाची चिपाटं तर फुकट ने.
द्राक्षाच्या खोडाला चुलीतसुद्धा मान नाही,
पाणी ओढायचं आणि वर ढकलायचं, एवढाच जन्म.
आत नुसत्या नळ्या.

तो म्हणाला, मोहाडीची बाग काढली.
जेसीबीनं. दीड दिवसात.
शेटला दुसरी जात लावायचीय, काळी.
सांगितलं असं, की जसं कुणी सांगावं,
आज दूध नासलं.

चैत्रापासून पोळ्यापर्यंत खोड भुशात पुरून ठेवलं.
तडकायचं तेवढं तडकू दिलं.
मग एक फळी काढली, पितळी पत्र्यावर बसवली,
खीळ घातली आणि हातोडी मारली
तांब्याला मारतो तशी.
तांबं मार खातं आणि पसरतं.
वेल पसरत नाही.
तीन तुकडे.
दुसरी फळी. चार.
चाळीस वर्षांचा हात माझा, त्याला हळू मारणं
कुणी शिकवलंच नव्हतं.

उरली फक्त गाठ,
मुळापासून वीतभर वरची, सुजल्या गुडघ्यासारखी.
टोपलीत टाकणार, तेवढ्यात तो म्हणाला,
थांबा. तिथंच कापा.

कापलं. आत दोन रंग निघाले.
खाली तपकिरी, खरबरीत.
वर फिका, ताकावर आलेल्या लोण्यासारखा.
आणि मधे केसाएवढी काळी रेघ,
पाचरीसारखी निमुळती होत गेलेली.
खाली डॉगरीज, तो म्हणाला, वर थॉमसन.
बावीस वर्षं झाली.
मी विचारलं, आणि ही रेघ?
त्यानं व्हाइसमध्ये पकडलेल्या पात्याकडं
नुसती हनुवटी हलवली.

आमच्या घरात भावाभावांत वाटण्या झाल्या
तेव्हा वडील दिवसातून दहादा म्हणायचे,
कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.
तेच मी त्याला म्हटलं, थट्टेनं.
तो हसला नाही.
कुऱ्हाड येगळी, म्हणाला.
कुऱ्हाड मारते नि जाते.
कलमाला कापलं की बांधावं लागतं,
आन् पंधरा-वीस दिवस
रोज जाऊन डोळा फुटला का बघावं लागतं.

नळ्या मी तांब्याच्या किसानं भरल्या, वर लाख वितळवली,
काचकागद, जवसाचं तेल, परत काचकागद.
या वेळी खीळ दाबली
नथीचा फासा वळवतात तेवढ्याच जोरानं.
रेघ मुठीच्या बरोबर मधे आली,
अंगठा टेकतो तिथं.
पण गाठ ती केवढी.
मूठ हवी चार बोटांची, झाली साडेतीन.
करंगळी बाहेर.

त्यानं उघडला, मिटला. टक्.
नखावर धार बघितली.
परत मिटला.
दोनशे रुपये दिले, वर नागलीची पिशवी,
नको म्हटलं तरी फळीवर ठेवली.
म्हणाला, सोमवारी मोहाडीला जायचंय.
शेटच्या काळ्याचं कलम हाय.

पेठ नाक्याची जीप धरायला तो उतरला
तेव्हा ऐरणीवर मूठभर भुसा राहिला होता.
हुंगून बघितला.
द्राक्षाचा वास नव्हता. कसलाच नव्हता.

मग हातोडी उचलली, आणि उगाच
करंगळी बाहेर काढून एक ठोका मारून बघितला.
वाकडा पडला.
शेजारून कुणीतरी विचारलं, काय झालं?
त्या हंड्याला काठाजवळ पोचा आहे.
तसाच विकला.