उद्या या

बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत माझं दुकान.
फुटक्या काचा, फुगलेल्या बॅटऱ्या,
आणि जनरेटर चालेतो उजेड.

वदाद समहून आल्या, बसल्या नाहीत.
फोन काउंटरवर ठेवला, आजारी मांजर ठेवावं तसा.
"नसीब, भाचा माँट्रियलहून पैसे पाठवतो म्हणतो,
बिटकॉइन का काय, त्यातून.
एक एक्सचेंज निवडून दे. मला ओ की ठो कळत नाही."

मी तीन दाखवली.
पहिलं लिंबासारखं पिवळं, कमिशन जवळजवळ नाहीच,
शिवाय पहिल्याच सौद्याला वीस डॉलर बक्षीस.
दुसऱ्यात तीनशे नाणी, रोज नव्या नाण्यावर नवं कुत्रं.
तिसरं कंटाळवाणं, करड्या अक्षरांचं,
कमिशन दुप्पट, वर ओळखपत्र मागतं,
चेहरा मागतं, विजेचं बिल मागतं.
"विजेचं?" त्या हसल्या. "आधी वीज तर येऊ दे."

पहिलं घ्या, मी म्हटलं. सगळे तेच घेतात.
माझेसुद्धा त्यातच आहेत.

किती वाढतील, हे त्यांनी विचारलं नाही.
बाहेर कसे काढायचे, एवढंच विचारलं.
मी म्हटलं, खाला, अजून आत टाकलेले नाहीत!
"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

मग तिन्हीकडे दहा-दहा डॉलर.
मला वाटलं, म्हातारीला वेळ आहे.
दुसऱ्या दिवशी आल्या, तिन्हीकडून काढायला लावले.

करड्यानं कमिशन कापलं, कुरकुर न करता बाकीचे दिले.
कुत्र्यांच्या बाजारात दहाचे साडेसहा झाले होते.
पिवळ्यावर एक गुलाबाचं फूल उमटलं आणि खाली ओळ:
आपली विनंती विचाराधीन आहे.
कृपया उद्या पुन्हा प्रयत्न करा.

त्यांनी दोनदा वाचलं.
चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला.
"हे वाक्य माझं आहे," म्हणाल्या.

सव्वीस वर्षं बँकेत, तिसरी खिडकी.
त्या शरदात साहेबांनी एका कागदावर
काय बोलायचं ते टाइप करून दिलं होतं.
पहिल्या दिवशी घशातून आवाज फुटेना.
पंधराव्या दिवशी मान वर न करता जमू लागलं:
उद्या या. उद्या या.
आर्तीन घड्याळवाला अकरा वेळा आला,
बायकोच्या डायलिसिसचे, स्वतःचेच पैसे मागायला.
बाराव्या दिवशी तो आला नाही,
आणि मला, नसीब, बरं वाटलं रे.

बाहेर जनरेटरनं आचका दिला, पुन्हा सुरू झाला.

"माझेही त्याच तिजोरीत होते.
काचेच्या आतून काय, बाहेरून काय.
लोक म्हणतात, दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात.
मी नुसती पोळलेली नाही.
ते दूध मी वाढलंय."

करडं घेतलं त्यांनी.
तेही मुक्कामाला नाही: आज आले की आज काढायचे.
"दुकान आहे ते. दुकानात कुणी झोपतं का?"
पिवळ्यातले दहा तसेच सोडले,
दर मंगळवारी येऊन बघतात,
कुणाच्या कबरीवर जावं तशा,
आणि ते उत्तर मोठ्यानं वाचतात,
खिडकीतल्या त्या जुन्या, सपाट आवाजात.

काल रात्री शटर ओढल्यावर
मी माझं पिवळं उघडलं.
चारशे दहा डॉलर. दोन वर्षांचे पडदे, दोन वर्षांच्या बॅटऱ्या.
आजवर कधी काढून बघितले नव्हते.
कशाला काढायचे? वाढत तर होते.

चाळीस लिहिले. बटण दाबलं.

गल्लीत सगळा काळोख,
फोनमध्ये नऊ टक्के,
आणि काचेवर ते छोटं वर्तुळ
फिरतंय.