खळ

वसमतच्या वाचनालयात दर शनिवारी
आम्ही फाटकी पुस्तकं शिवतो.
पगार नाही, चहा आहे.

हजेरीवहीची पहिली पानं उर्दूत:
खाजामियाँ मोमीन, जिल्दसाज.
खाली गंगाबिशन मुंदडा,
एक सुई, दोन रिळं.

बहात्तरला खळीसाठी
कुणाकडं पीठ मागायची लाज वाटली.
अनसूयाबाईंनी पदरातून
रेशनच्या मिलोची मूठ काढली,
म्हणाल्या, आमच्या घरी सांगू नका बरं.

ती बांधणी अजून तांबूस दिसते.
कसर बाकी कपाट खाते,
त्या सात पुस्तकांना तोंड लावत नाही.
का, कुणाला माहीत.

पुढं कित्येक वर्षं वही कोरी.
मग एकदम माझी सही,
तीही चहाच्या डागावर.