दगडफूल

नोव्हेंबर. स्नोसाच्या वरच्या कुंपणात
माझे वडील आन्ता, सत्त्याहत्तर वर्षांचे,
एकेक रेनडियर शिंगांना धरून थोपवतात.
मी यंत्राचं तोंड त्याच्या मांडीला टेकवते
आणि मिनिटभर आम्ही दोघं श्वास धरून उभे.

श्वास धरायचं खरं तर कारण नाही.
यंत्राला श्वास ऐकू येत नाही,
त्याला ऐकू येतो फक्त गॅमा:
ना वजन, ना भार,
नुसता उजेड, डोळ्यांच्या पलीकडचा,
मांस, कातडं, दाट हिवाळी केस
उंबरा ओलांडावा तसे ओलांडून येणारा.

मी सात वर्षांची होते त्या वसंतात.
कुणाला कसलाच वास आला नाही.
दगडफुलाला मुळं नसतात,
जे खायचं ते हवेतून खायचं
आणि मिळेल ते जपून ठेवायचं.
रेनडियरनं दगडफूल खाल्लं, आम्ही रेनडियर.
मग ओस्लोहून पत्र आलं: मांस पुरून टाका.
मग दुसरं: हद्द दहापट वाढवली आहे.
बाबांनी दोन्ही पत्रं एकाच खिळ्याला टोचली.

"पण असतं कसं ते?"
कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत त्यांनी विचारलं.
छताला लावलेल्या धुराच्या घंटेकडे मी बोट केलं.
तिच्या पोटात अल्फा आहे.
दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन, बोजड गडी,
चार बोटं चालला की दमतो,
वर्तमानपत्राचं पान आडवं धरलं की संपला.
बाबा हसले. "एवढाच?"
एवढाच. बाहेर असला तर.

तळघराचं मी तेव्हा बोलले नाही.
तिथे आई लोकर रंगवायची,
ऊब जाऊ नये म्हणून दार लावून,
आणि खालच्या खडकातून रेडॉन वर यायचा.
तो छातीत शिरून फुटतो
तेव्हा आडवं धरायला कागद नसतो.
डॉक्टर म्हणाले, सिगारेटही असेल.
असेल.

बीटा म्हणजे सुटलेला इलेक्ट्रॉन.
हलका, चपळ, हवेत हातभर सहज जाणारा;
आमच्या कॉफीच्या किटलीचं जाड ॲल्युमिनियमचं झाकण
त्याला बहुतेक पुरतं.
आणि गॅमाला?
बाबांनी मासेमारीची शिशाची वजनं पुढे सरकवली.
मी म्हटलं, आणखी.
त्यांनी डबा पालथा केला.
आणखी, बाबा. तो अडत नाही, विरळ होतो फक्त.

"मग आमच्या मांसातला कुठला?"
दोन्ही.
सीझियम आधी बीटा फेकतो आणि बेरियम होतो,
पण तो बेरियम अजून धपापत असतो,
काही मिनिटांत गॅमा सोडतो, मग गप्प.
बाबा बराच वेळ झाकण फिरवत बसले.
"म्हणजे आधी लाथ, मग फुरफुर," ते म्हणाले.
इतक्या थोडक्यात मला परीक्षेतही जमलं नव्हतं.

तीस वर्षांत अर्धं. पुढच्या तीसात त्याचं अर्धं.
भाकरी अशी मोडत गेलं
तर मुंगीपुरता तुकडा उरतोच.

आजचे आकडे बरे आहेत.
चाटायच्या निळसर मिठानंही हात दिला.
शेवटचा नर सुटतो, बर्फ उडवत टेकडीमागे जातो,
आणि बाबा कोट काढतात,
कुंपणाला टेकून बसतात.
"आता मला लाव."

त्या सगळ्या वर्षांत ते तेच मांस खात राहिले.
दुसरं काय खायचं, असं विचारत.

मी लावते.
टिक. टिक टिक. टिक.
"किती?"
मी आकडा वाचत नाही.
यंत्र उचलून स्वतःच्या पोटाला लावते.
टिक.
टिक टिक.
माझ्यातही आहे,
बटाट्यातून, दुधातून आलेला पोटॅशियम,
सगळ्यांत असतो, मी सांगू लागते,

पण बाबा हातानं थांबवतात, मान तिरकी करून ऐकतात,
कळपातल्या एखाद्या घंटेचा आवाज ओळखावा तसे.
"तुझं जरा मंद आहे," ते म्हणतात,
खूश होऊन,
आणि कोट चढवत
बर्फात किटलीचं झाकण शोधू लागतात.