वाफसा

निकालाच्या कागदावर एवढंच आहे:
पहिली, कायला ब्रँडमायर, गाडी सत्तावीस.
दुसरा, ड्वाइट टटल, गाडी आठ.
फरक नाकाएवढा.
तोटीबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही.

विंटन गावाबाहेर, आयोवात,
मक्याच्या ऐन मधोमध ही मातीची कढई.
डांबर नाही. काळी, चिवट,
बुटाला धरली की घरापर्यंत सोबत येणारी माती.
दुपारी ऑर्व्हल हुडेक टँकर घेऊन फेऱ्या मारतो,
वय एकाहत्तर, ओठात काडी,
भिजवतो, दाबतो, पुन्हा भिजवतो.
मी त्याला एकदा आमच्याकडचा शब्द दिला: वाफसा.
ओली नाही, कोरडीही नाही,
मुठीत दाबली तर लाडू, बोटानं टोचलं तर भुगा.
"वॉप्सा," तो म्हणाला, आणि थोडा वेळ गप्प बसला,
आयुष्यभर जिच्या मागे होता
तिचं नाव आत्ता कळल्यासारखा.

त्या शनिवारी टँकरची डावी तोटी अडकली.
"तू ट्रॅक्टरच्या कारखान्यात व्हॉल्व्हच तपासतोस ना?"
माझ्या हातात भाजलेलं कणीस होतं,
लोणी मनगटापर्यंत ओघळलेलं.
म्हटलं, उद्या बघू.

मग पाणी पडलं ते फक्त उजवीकडून.
भिंतीकडची पट्टी पोटभर प्याली,
आतली तहानलेली राहिली.
ऊन उतरलं, दिवे लागले,
चोवीस गाड्या सुटल्या.

कसं सांगू?
लहानपणी पुसदकडे शंकरपट पाहिलाय मी.
जोडी सुटताना छातीत जे होतं
ते इथे चोवीस पटीनं, आणि थांबतच नाही.
वळणावर गाड्या तिरप्या, नाक आत, शेपूट बाहेर,
माती उडते ती जाळीतून थेट दातांत.
शेजारच्या बाईनं पोहायचा चष्मा लावला होता.
मुरलेली होती ती.

तीसपैकी वीस फेऱ्या टटल पुढे.
आतल्या कडेनं, शिंप्यानं टीप मारावी तसा,
एक टाका इकडचा तिकडे नाही.
पण तिथली माती आता तव्यासारखी
चकाकायला लागलेली.
चाकं गरगरत होती, गाडी सरकत नव्हती,
आणि त्याच्या मागे सगळे त्याच तव्यावर.

बाविसाव्या फेरीत सत्तावीस नंबर
सातव्या जागेवरून वर निघाली,
भिंतीपाशी, जिथे शहाणं माणूस जात नाही.
मागचं उजवं चाक ओल्या मातीच्या बांधाला टेकवून
अशी पळाली
की आमच्या बाकांच्या फळ्या हादरल्या.
पाचवी.
तिसरी.
अठ्ठाविसाव्यात भिंतीला घासली, ठिणग्या उडाल्या,
कुणीतरी माझा दंड घट्ट धरला,
कोण ते अजून माहीत नाही.
शेवटचं वळण: तो आतून, ती बाहेरून,
तिचा रस्ता लांबचा,
पण पायाखाली पकड असलेला.
चौकटींचा झेंडा हलला.
मी "भिर्रर्र" असं ओरडलो म्हणे. मला आठवत नाही.

नंतर लोक म्हणाले, धाडस.
टटल म्हणाला, टायर निवडण्यात चुकलो.
तिच्या मेकॅनिकनं सांगितलं,
मागची स्प्रिंग अर्धा आटा सैल केली होती.
सगळं खरंच असणार.
ती स्वतः एवढंच बोलली:
"वर माती गडद दिसली. गडद म्हणजे ओल."
ती तर चोवीस जणांना दिसत होती.

रविवारी मी तोटी खोलली.
आत गंजाची पापडी, नखाएवढी.
ऑर्व्हलनं ती पुसून शर्टाच्या खिशात टाकली.

पुढच्या शनिवारी टँकर दोन्ही बाजूंनी
छान एकसारखा शिंपत होता.
टटल पहिल्यापासून शेवटपर्यंत पुढे.
पंधराव्या फेरीलाच लोक
हॉटडॉग आणायला उठले.
ऑर्व्हलनं जाळीपलीकडून माझ्याकडे पाहिलं.
मी मान खाली घालून
कणीस सोलत राहिलो.