दोन पट्ट्यांच्या मधला

हर्णैच्या बंदरात लिलाव उठल्यावर
कुणीतरी शीळ घालत होतं,
होड्यांच्या पलीकडे, दिसत नव्हतं.
मी मनाशी म्हणालो, भीमपलास.
गंधार चढा लागतोय. श्वास तोकडा.

माझ्यासाठी हलव्याच्या तुकड्या करणाऱ्या
द्वारकी पावशेनं कोयती थांबवली.
"आमचा भिवा आला."

दोन सुरांत.
तिसरा अजून यायचा होता.

अकरा वर्षं पिळून पिळून
गुरुजींनी माझा कान तयार केला.
आता बर्फाच्या कारखान्याचा भोंगा
काळी दोनमध्ये वाजतो हे मला कळतं,
पाववाल्याचा पोंगा त्याच्याशी का भांडतो, तेही.
भिवा वेरावळच्या बोटीवर गेला त्याला चार वर्षं झाली.
त्याआधी माझ्याच खिडकीखाली बसून
रोज जाळं सांधायचा,
हीच शीळ घालत.
मी रोज खिडकी लावून घ्यायचो.

दुसऱ्या दिवशी द्वारकी क्लासच्या पायरीवर येऊन बसली.
नातीचा तास संपायचा होता.
टोपलीवर ओलं बारदान, बारदानावर खवले.
मी पेटीवर वाजवलं ते,
स्वच्छ, गंधार नीट जागेवर बसवून.
"ब्येस हाय," ती म्हणाली. "कंचं गानं?"

पुन्हा वाजवलं. संथ. मग जलद.
मग पांढरी चारवरून, तिथून आणखी वर.
ती नातीची एक चप्पल शोधत होती.

शेवटी त्याचा तो चढा सूरच शोधायला गेलो.
कोमल दाबला, तर अलीकडे राहिला.
शुद्ध दाबला, तर पार पलीकडे.
भिवाचा सूर दोन पट्ट्यांच्या मधे,
जिथे नुसती फट आहे
आणि फटीत खडूची धूळ.

"अरं द्येवा, ह्ये व्हय," द्वारकी म्हणाली,
मी अजून वाजवलंच नव्हतं,
नुसता अडखळलो होतो तिथं.
आणि नातीच्या पायात चप्पल सरकवता सरकवता
तिनं तो तोंडानं काढला,
चुकीचा,
अगदी जागेवर.

रात्री खिडकी उघडी ठेवली.
खाली भिवा इंजिनवाल्याशी
डिझेलच्या हिशोबावरून भांडत होता.
तयार कान घेऊन मी बसून राहिलो
भांडण संपायची वाट बघत.