जुलैचं पत्रक

दर महिनाअखेर मी एक पान टाईप करतो
आणि बोळात, क्षयरोगाच्या तक्त्याशेजारी लावतो.
एकच पान. दुसऱ्याला टाचणी उरत नाही,
असं मेट्रन म्हणतात.

तर, जुलै.
धुण्याच्या खोलीतल्या मे मापुलेंग निवृत्त झाल्या. एकतीस वर्षं.
चार शब्द बोला म्हटलं, तर उठून म्हणाल्या,
"थंडीत चादरी दोरीवर गोठून फळ्या होतात.
त्यांना वाकवू नका. आधी उन्हाला बोलू द्या."
आणि बसल्या.
आम्हाला वाटलं, अजून काही आहे.
टाळ्यांना उशीर झाला.

काँगोहून आलेले डॉक्टर काबेया
आता घोड्यावर बसतात. म्हणजे चढतात.
उतरणं अजून घोड्याच्या मर्जीवर आहे.

न्ताते रामोखेले यांना चष्मा लागला.
इतकी वर्षं ते रुग्णवाहिका घाटातून कशी आणत होते
हा प्रश्न पत्रकात घेऊ नये, असं ठरलं.

मालोटीत बर्फ पडला. रस्ता नऊ दिवस बंद,
विमानही आलं नाही.
रक्ताची पिशवी एकच होती. ती लागली नाही.
हे मी ठळक अक्षरात टाकलंय.

बाळंतपणाची वाट बघणाऱ्या बायांच्या घरात
सध्या चौदा जणी, चुली तीन.
एक जण दोन दिवस चालत आली,
घोंगडीत मक्याचं पीठ आणि शेजारणीचं कुलूप बांधून.
कुलूप कशाला, ते सांगत नाही.

इथवर आलो की मी थांबतो.
खाली चार बोटं जागा उरते
आणि तेवढ्यात न मावणारं असतं ते आठवतं.

सिस्टर लिम्फोच्या नवऱ्याला
सरहद्दीपलीकडच्या खाणीतून पाठवलं होतं.
पेटी घाटाखाली येऊन पोचली आणि
तीही नऊ दिवस रस्ता उघडायची वाट बघत राहिली.
ते नऊच्या नऊ दिवस लिम्फो कामावर आली.
"घरी बसून तरी कुठला रस्ता बघू?" म्हणाली.
त्यावर कुणी काही बोललं नाही.
तिच्या चहात साखर मात्र वाढत गेली,
शेवटी शेवटी चमचा उभा राहील एवढी.
तिने तो प्यायला.

सहाव्या रात्री कुलूपवाली अडली.
लिम्फोनेच सोडवली. पहाटे मुलगी झाली.
आईने नाव सांगितलं, मोत्सेलिसी.
सांत्वन करणारी.
घरातलं कुणी गेल्यावर जन्मलेल्या लेकीला
आम्ही हे नाव देतो.
"तुमच्याकडे कोण गेलं?" मी नोंदवहीतून मान न काढता विचारलं.
ती गप्प.
मान वर केली तर ती दाराकडे बघत होती,
तिथे लिम्फो हात पुसत उभी होती.
मी नाव लिहिलं. स्पेलिंग दोनदा चुकलं.

आता ऑगस्टचा ड्यूटीतक्ता.
तो मी पेन्सिलीनेच आखतो, माणसं बदलतात म्हणून.
लिम्फोच्या रात्रींवर कुणीतरी आपलं नाव घातलं,
ते खोडून दुसऱ्याने आपलं,
तेही खोडून स्वयंपाकघरातल्या कुणीतरी,
ज्याला इंजेक्शन बघूनच घेरी येते.
पाच चौकटींत कागद इतका झिजलाय
की मागच्या भिंतीचा हिरवा रंग दिसतो.
शनिवारच्या रात्री, मोठ्या वाकड्या अक्षरात,
मे मापुलेंग.
निवृत्त बाई. नर्सही नव्हे.
मी ते खोडलं नाही.

पत्रकात एवढंच टाकलं:
ऑगस्टचा तक्ता प्रत्येकाने पाहून घ्यावा. बदल आहेत.

आणि एक दुरुस्ती.
मागच्या महिन्यात हरवलेली कोंबडी डॉक्टरांची नव्हती,
मेट्रनची होती.
ती सापडली आहे.
कुठे, ते कृपया विचारू नये.